चंदनाचं ‘होस्टसह’ पॅकेज: रोप ठीक, शेजार कच्चा

एकरी ४३५ चंदन रोपं, पिशवीत तूर लावलेली, सोबत प्लायवूडसाठी लावतात त्या मिलिया डुबियाची शंभरेक झाडं, लावणीचा सल्ला आणि वर पुनर्खरेदीचा करार. महाराष्ट्रात कुठेही चौकशी करा, चंदन लागवडीचं पॅकेज थोड्याफार फरकाने असंच असतं. हे परीक्षण कुठल्या एका नर्सरीचं नाही, या साच्याच्या पॅकेजचं आहे. दर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते पिशवीच्या आकारागणिक आणि घासाघिशीगणिक बदलतात.

मत आधीच सांगून टाकतो. चंदनाची रोपं बघून घेतली तर बहुतेक ठिकाणी चांगली मिळतात. यजमान झाडांचा भाग, म्हणजे चंदन ज्यांच्या मुळांवर पोसतं आणि ज्यांना नर्सरीवाले सरसकट ‘होस्ट’ म्हणतात ती झाडं, तो मात्र या पॅकेजमधला सगळ्यात कच्चा भाग आहे. आणि चंदनाची वाढ ठरते ती नेमकी तिथेच.

चंदन हे बांडगुळाच्या गोतातलं झाड आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांचा गण एकच. बांडगूळ फांदीवर बसतं, चंदन हाच उद्योग जमिनीखाली करतं. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळापाशी पोचली की तिथे बारीक गाठ धरतात, ती गाठ शेजाऱ्याच्या मुळात घुसते आणि पाणी व नत्र ओढून घेते. जॉन स्कॉट यांनी हे १८७१ मध्येच नोंदवून ठेवलं. पानं हिरवी असल्यामुळे अन्न चंदन स्वतः बनवतं, म्हणून त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. जंगलात किंवा बांधावर आपोआप उगवलेलं चंदन बघा. बुलबुलाने टाकलेलं बी बोरीच्या जाळीत, बाभळीखाली, कुंपणात रुजलेलं असतं. चहूबाजूंनी तीन-चार जातींची मुळं, वरून झिरपती सावली. पॅकेजने या शेजाराची नक्कल करणं अपेक्षित आहे. ती किती जमते, एवढंच तपासायचं.

पिशवीतलं रोप

या भागाला पाचपैकी चार गुण. बी रात्रभर ५०० पीपीएम जिबरेलिक आम्लात भिजवून पेरणं आता बहुतेक नर्सऱ्यांच्या अंगवळणी पडलंय. उगवण तरीही ४ ते १४ आठवडे रेंगाळते, त्यामुळे एकाच वाफ्यातली रोपं कमीजास्त उंचीची निघतात. सगळी रोपं फुटपट्टीने मापल्यासारखी असावीत असा आग्रह धरू नका.

घेण्याजोगं रोप ६ ते ८ महिन्यांचं, साधारण ३० सेंटिमीटर उंच आणि खोड तपकिरी पडलेलं असतं. खोड अजून हिरवं असेल तर रोप कोवळं आहे, पहिल्या उन्हाळ्यात सुकेल. पिशवी ३० बाय १४ सेंटिमीटरची हवी. हातभर रोप वितभर पिशवीत देणारे बरेच भेटतात. त्यात मुळं तळाशी गुंडाळी करून बसलेली असतात. मिश्रण वाळू जास्त असलेलं हवं: वाळू दोन भाग, लाल माती एक, कुजलेलं शेणखत एक. निव्वळ काळ्या मातीत भरलेली पिशवी परत करा.

आता त्या पिशवीतली तूर बघा. ती जिवंत आहे का? हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. तूर चंदनाच्या डोक्यावर गेली की नर्सरीत तिचे शेंडे खुडतात, ते बरोबरच आहे. पण वाहतुकीत जागा वाचावी म्हणून ती बुडापासून छाटलेली आणि वाळून गेलेली असेल, तर त्या रोपाच्या गाठी मेलेल्या मुळांना चिकटून आहेत. कागदावर ‘होस्टसह’, प्रत्यक्षात उपाशी. काही नर्सऱ्या तुरीऐवजी अल्टरनॅन्थेरा लावतात, बागेच्या कडेला लावतात तेच रंगीत पानांचं झुडूप. पिशवीपुरता तो तुरीइतकाच चालतो, शिवाय काडीवर लागतो आणि सहसा मरत नाही.

गाडीतून उतरवताना पिशवी बुंध्याला धरून उचलू देऊ नका. मातीचा गोळा तडकला की बारीक गाठी तुटतात. रोप आठ-दहा दिवस टवटवीत दिसतं, मग पानं टाकतं, आणि दोष पावसाला दिला जातो.

शेतातली तूर

पॅकेजमधल्या सूचनापत्रात ‘रोपाजवळ तूर लावा’ एवढंच लिहिलेलं असतं. किती जवळ, कोणत्या बाजूला, कोणती, पुढे काय करायचं, काही नाही. म्हणून थोडं सविस्तर.

४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन रोप लावलं की बुंध्यापासून फूटभर अंतरावर, पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या बाजूला, तुरीचे दोन-दोन दाणे टोकायचे. या बाजू निवडायच्या त्या दुपारच्या उन्हासाठी. कोवळ्या चंदनाला पहिल्या वर्षी बाजूची सावली मानवते, डोक्यावरची मानवत नाही. वाण मर रोगाला दाद न देणारा हवा: आशा किंवा बीएसएमआर ७३६. घरच्या कणगीतलं बी टोकलं आणि डिसेंबरात मर लागली, तर चंदनाचा एकमेव शेजारी ऐन हिवाळ्यात जातो आणि पुढचा पावसाळा सहा महिने लांब असतो.

शेंगा तोडा, पण तूर उपटू नका. विळ्याने वीतभर बुडखा ठेवून कापा. ओल मिळाली तर फुटते. उपटणी म्हणजे चंदनाच्या गाठींसकट मुळं ओढून काढणं. दुसऱ्या पावसाळ्यात तूर पुन्हा टोकायचीच, या वेळी दीड-दोन फुटांवर, कारण चंदनाची मुळं तोवर पुढे सरकलेली असतात. तुरीच्या भरवशावर चंदन दोन वर्षं, फार तर तीन वर्षं निघतं. तोवर कायमचा यजमान मुळांच्या टप्प्यात आलेला हवा.

मिलिया डुबिया, आणि तोच का

पॅकेजमधला कायमचा यजमान बहुतेक वेळा मिलिया असतो. कारण सरळ आहे. नर्सरीकडे त्याची रोपं मुबलक असतात आणि ‘सहा-सात वर्षांत प्लायवूडचे पैसे’ हे वाक्य गिऱ्हाईक पटवायला सोपं जातं. चंदन मिलियावर पोसलं जातं यात शंका नाही. अडचणी दुसऱ्याच आहेत.

पहिली अडचण नत्राची. मिलिया शेंगावर्गीय नाही, त्याच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी नाहीत. तो जमिनीतलंच नत्र घेतो आणि त्यातून चंदनाला वाटा देतो. तूर, शेवरी, हादगा, करंज, बाभूळ, शिसव हवेतलं नत्र बांधतात. सुरूचं झाड शेंगावर्गीय नसूनही वेगळ्या सूक्ष्मजीवाच्या, फ्रँकियाच्या, मदतीने तेच करतं. हलक्या मुरमाड जमिनीत, जिथे चंदन लावायचं असतं, तिथे हा फरक पानांच्या रंगावर उघड दिसतो.

दुसरी अडचण सावलीची. ठिबकवरचा मिलिया दोन-तीन वर्षांत वीस फुटांच्या वर जातो आणि छत्री उघडतो. चंदन तोवर पाच-सहा फुटांवर रेंगाळत असतं. त्या छत्रीखाली ते उजेडाच्या दिशेने वाकडं आणि किडकिडीत वाढतं. खालच्या फांद्या काढून मिलियाचं डोकं उंच नेता येतं, पण ते काम दरवर्षी करावं लागतं आणि सूचनापत्रात त्याचा उल्लेख नसतो.

तिसरी अडचण पानगळीची. चंदन सदाहरित आहे, थंडीनंतर मिलिया उघडा पडतो. एक जण पानं टाकून बसलेला आणि दुसऱ्याची ओढ चालूच, असं ते जोडपं आहे. नुसता मिलिया असेल तर फेब्रुवारी-मार्चात चंदनाला दुसरा आधार उरत नाही.

मिलिया टाकून द्या असं म्हणणं नाही. कापला तरी बुंध्यातून फुटतो, हा त्याचा मोठा गुण आहे. लाकूड नेलं तरी खालची मुळं जगतात. एकूण यजमानांत त्याचा वाटा चौथाईच्या पुढे जाऊ नये, इतकंच.

गणित: चार चंदनांना एक शेजारी

दहा बाय दहा फुटांवर एकरी ४३५ चंदनं बसतात. त्यांना साधारण १०८ यजमान दिले की चार चंदनांच्या चौकोनात मधोमध एक झाड येतं. कागदावर हा नकाशा सुबक दिसतो. प्रत्येक चंदनापासून यजमान सात फुटांवर.

आता त्यातला एक यजमान मेला असं धरा. वाळवी म्हणा, हुमणी म्हणा, शेजारच्या शेळ्या म्हणा. त्या चार चंदनांना पुढचा यजमान जवळपास सोळा फुटांवर पडतो, आणि तोही आधीच दुसऱ्या चौघांना पोसतोय. शंभरातले दहा यजमान गेले तर चाळीस चंदनं पोरकी. मग ही चंदनं एकमेकांच्याच मुळांत गाठी घुसवतात. चंदन चंदनावरही जगू बघतं, पण दोन उपाश्यांनी एकमेकांच्या ताटात हात घालून कुणाचंच पोट भरत नाही.

यापेक्षा बरी मांडणी अशी: चंदन बारा बाय बारा फुटांवर, एकरी ३०२. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक यजमान, म्हणजे तेही साधारण तेवढेच. प्रत्येक चंदनाला साडेआठ फुटांवर चार शेजारी मिळतात. यजमानांची एक ओळ सुरूची, पुढची करंजाची, परत सुरूची. अशा आलटूनपालटून ओळींमुळे प्रत्येक चंदनाच्या वाट्याला दोन सुरू आणि दोन करंज आपोआप येतात. जिथे मिलिया हवा असेल तिथे दर दुसरा सुरू काढून तो घाला. चंदनाच्या स्वतःच्या ओळीत दोन रोपांच्या मध्ये, सहा फुटांवर, शेवरी किंवा हादगा लावा. तूर संपल्यापासून सुरू-करंज हाताशी येईपर्यंतचा काळ तो भरून काढतो.

प्रत्येकाची वेळ वेगळी आहे, म्हणून हे मिश्रण टिकतं. शेवरी-हादगा लगेच वाढतो आणि काही वर्षांत थकतो. हादगा वादळात मोडतोही. सुरूची सावली विरळ, वाढ झपाट्याची. करंज आधी आळशी, पण दाट आणि दीर्घायुषी. मोठा झाल्यावर त्याच्या चंदनाकडच्या फांद्या काढाव्या लागतात. ऑस्ट्रेलियात कुनुनुरा भागात आपल्याच चंदनाच्या मोठ्या लागवडी आहेत. तिथेही पिशवीतला यजमान, थोड्या वर्षांचा यजमान आणि दीर्घकाळचा यजमान अशी टप्प्याटप्प्यानेच सोय केलेली असते.

तेव्हा पॅकेज घेताना थेट सांगा: चंदनाची १३३ रोपं कमी करा, त्याऐवजी यजमानाची रोपं द्या. यजमानाचं रोप स्वस्त असतं, त्यामुळे विक्रेता कुरकुरतो. त्याचा नफा चंदनाच्या आकड्यात आहे.

‘डाळिंबातच लावा’

फळबागवाल्यांसाठी या पॅकेजचा खास अवतार असतो: नवे यजमान नकोत, डाळिंब, पेरू, सीताफळ हेच होस्ट. चंदन त्यांच्यावर जगतं, हे खरं. पण डाळिंबाला बहार धरताना ताण द्यावा लागतो. पाणी तोडून पानगळ घडवायची आणि मग पाणी सोडायचं, यावर सगळा बहार उभा. चंदनाची गाठ त्याच मुळांत असेल तर ताण दोघांना बसतो, आणि पाणी ओढण्यात चंदन डाळिंबाला ऐकत नाही. ताण हवा तेवढा आणि हवा तेव्हा बसेल याची खात्री राहत नाही. फळाचा आकार घटला तर तो तोटा चंदनाच्या खात्यावर लिहायचा हे मनाशी ठरवलं असेल तरच लावा, आणि लावलंच तर बागेच्या बांधावर, कडेच्या एका ओळीपुरतं. बांधावर करंज, शेवरी, कढीपत्ता असतील तर आणखी बरं.

निव्वळ काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीसाठी हे पॅकेज कुणी देत असेल तर तिथेच थांबा. निचरा नसेल तर यजमान कितीही चांगला असो, चंदनाचा बुंधा कुजतो.

सल्ला सेवा

पाचपैकी दीड. फोनवर पिवळ्या पानाचा फोटो पाठवला की उत्तर ठरलेलं: १९:१९:१९ खत सोडा. पिवळेपणा तीन तऱ्हांचा असतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

सगळंच झाड फिकट, पानं लहान, पेरं आखूड, वर्षभर उंची तीच: यजमान नाही, किंवा आहे पण जोडलेला नाही. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता. खालची पानं पिवळी होऊन गळतात आणि बुंध्याची साल मातीलगत मऊ लागते: पाणी साचतंय.

पहिल्या तऱ्हेची खात्री खुरप्याने करता येते. जमीन ओली असताना बुंध्यापासून दीड फुटावर, यजमानाच्या दिशेने, चार ते सहा इंच खोल माती हळूच उकरा. दोरीसारखी मोठी मुळं सोडून द्या, सुतळीपेक्षा बारीक मुळांचा झुपका मातीसकट उचला आणि पाण्याच्या बादलीत हलवा. ओढू नका, माती आपोआप सुटू द्या. गाठ जोडलेली असेल तर एका मुळाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं, चपटं, घंटेसारखं बोंड दिसेल, दुसऱ्या मुळाला जळवेसारखं चिकटलेलं. ब्लेडने उभं कापलं की पांढरी पाचर यजमानाच्या मुळाच्या लाकडापर्यंत गेलेली दिसते. पांढुरकी गाठ जिवंत, काळी पडून चिमटलेली मेलेली. दोन-तीन ठिकाणी उकरूनही एकही गाठ सापडली नाही, तर खताचा डोस वाढवण्यात अर्थ नाही. आधी तूर टोका आणि यजमानाच्या नांग्या भरा, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी रोपं लावा.

सल्ल्यात न येणाऱ्या आणखी दोन गोष्टी. एक, रोटाव्हेटर. या गाठींचं जाळं बहुतांशी वरच्या वीत-दीड वीत मातीत असतं. ओळींमधून रोटाव्हेटर फिरवला की शेत स्वच्छ दिसतं आणि चंदन महिनाभराने मलूल होतं. दुसऱ्या वर्षापासून आंतरमशागत विळ्याने किंवा ग्रासकटरने. तणनाशक तर यजमानाच्या जवळही नको.

दुसरी, ठिबक. पॅकेजमधला नकाशा चंदनाच्या बुडाशी एक ड्रीपर देतो आणि यजमानाला कोरडं ठेवतो. मुळं ओलीकडे जातात. दोघांच्या ओलीचे गोल एकमेकांना टेकले नाहीत तर मुळं भेटणार कशी? यजमानाचा ड्रीपर त्याच्या चंदनाकडच्या बाजूला ठेवा, आणि दरवर्षी दोन्ही ड्रीपर बुंध्यापासून थोडे बाहेर सरकवा. पाणी कमी असेल तर आधी यजमानाला द्या. तो हिरवा असला की चंदनाला पोचतंच.

प्रशिक्षण खरोखर हवं असेल तर बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजीचे चंदन शेतीचे वर्ग भरतात. सूचनापत्रापेक्षा ते कितीतरी पुढचे आहेत.

पुनर्खरेदीचा करार आणि बाकीचं

बारा वर्षांत अमुक किलो गाभा (आतलं सुगंधी लाकूड), असा आकडा छापलेला करार सर्रास देतात. गाभा धरायला साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास सुरुवात होते आणि भरायला पुढे दहा-वीस वर्षं जातात. त्यातही एकाच ओळीतली दोन झाडं सारखी निघत नाहीत. यजमानाची हमी न देता गाभ्याची हमी देणारा कागद फाइलला लावण्यापुरता.

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत चंदन आहे. तोडीला परवानगी आणि वाहतुकीला परवाना लागतो. म्हणून लावल्या वर्षीच ई-पीक पाहणीत आणि सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. वीस वर्षांनी ती लागेलच. चोरीपासून संरक्षण पॅकेजमध्ये नसतं, कुंपणाचा खर्च वेगळा धरा.

करारात एक कलम मात्र आवर्जून घालून घ्या: पहिली तीन वर्षं मेलेल्या यजमानांच्या नांग्या विक्रेत्याने स्वखर्चाने भरून द्यायच्या. चंदनाच्या मरतुकीवर १० टक्के जादा रोपं द्यायला सगळे तयार असतात. हे कलम वाचल्यावर विक्रेता काय म्हणतो त्यावरून त्याला चंदन किती कळतं ते तिथल्या तिथे समजेल.